शोकात्म खलनायक मनात घर का करतो?

गोष्ट ऐकताना लहान मूल बहुधा पहिला प्रश्न विचारते तो 'हा चांगला की वाईट?' असा. उत्तर मिळाले की त्याचे समाधान होते आणि गोष्ट पुढे सरकते. वय वाढते तसे हे उत्तर अपुरे पडू लागते. 'महाभारतातील माझी आवडती व्यक्तिरेखा' असा निबंध नववी-दहावीला दिला, तर कर्णावर लिहिणारे बरेच निघतात आणि दुर्योधनाची बाजू घेणाराही एखादा निघतो, हे शिक्षकांना नवे नाही. ज्याचे कृत्य आपल्याला मुळीच मान्य नाही, त्याच्या पराभवाने आपल्यालाच हुरहूर का लागावी? प्रश्न साहित्याचा वाटतो आणि तो आहेही. परंतु माणूस दुसऱ्या माणसाच्या वागण्याचा अर्थ कसा लावतो, याचा प्रयोगांनी शोध घेणाऱ्या मानसशास्त्राचाही तो आहे. या लेखात आपण दोन्ही बाजूंनी त्याकडे पाहू आणि त्यासाठी मराठी रंगभूमीवरची व मावळातली उदाहरणे घेऊ.

खलनायक तयार करणे सोपे

फ्रिट्झ हायडर आणि मेरिअन सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एका प्रयोगाचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांनी सुमारे अडीच मिनिटांची एक चित्रफीत बनवली होती. तीत एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक लहान वर्तुळ आणि दारासारखी उघडझाप करणारी बाजू असलेला एक आयत, एवढेच होते. या आकृत्या इकडून तिकडे सरकत, एकमेकींना स्पर्श करत, आयतात शिरत व बाहेर पडत. चित्रफीत पाहून काय दिसले ते लिहा, असे ३४ विद्यार्थिनींच्या गटाला सांगण्यात आले. 'त्रिकोण डावीकडून उजवीकडे गेला' अशा भूमितीच्या भाषेत वर्णन करणारी फक्त एक निघाली. बाकीच्यांनी गोष्टच लिहिली. दुसऱ्या एका गटाला या हालचाली माणसांच्या आहेत असे समजून प्रश्न विचारले, तेव्हा बहुतेकांनी मोठ्या त्रिकोणाला दांडगट, भांडखोर ठरवले. बिचाऱ्या त्रिकोणाला ना चेहरा होता, ना वाचा!

या प्रयोगातून एक गोष्ट स्पष्ट होते. हालचालीमागे हेतू शोधणे आणि त्या हेतूला चांगले-वाईट ठरवणे हे आपले मन आपोआप करते. म्हणून खलनायक उभा करण्यास लेखकाला फार कष्ट पडत नाहीत. मोठा आकार आणि दोन धक्के एवढे पुरते. खलनायकाबद्दल करुणा निर्माण करायची, तर मात्र लेखकाला या आपोआप होणाऱ्या निवाड्याच्या विरुद्ध दिशेने काम करावे लागते. ते कसे, हे आता पाहू.

एकाच लेखकाचे दोन खलनायक

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची दोन नाटके शेजारी ठेवली तर फरक चटकन ध्यानात येतो. १९०७ साली आलेल्या 'कीचकवध'मध्ये विराटाच्या दरबारातील सत्तांध कीचक सैरंध्रीच्या मागे लागतो आणि भीमाच्या हातून मरतो. त्या काळच्या प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही ते कळले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. कीचक मेला की प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही आणि हळहळावे अशी नाटककाराचीही इच्छा नाही. त्या नाटकाला जे साधायचे होते, त्यासाठी सपाट खलनायकच योग्य होता.

दोन वर्षांनी, १९०९ साली 'भाऊबंदकी' आले. त्यातला राघोबादादा वेगळा आहे. इतिहासातील रघुनाथराव म्हणजे १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत नेणारा सेनानी. पुतण्या माधवराव पेशवा याच्याशी त्याचे बिनसले आणि काही काळ तो कैदेत राहिला. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव वारले आणि धाकटा नारायणराव गादीवर आला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावाला ठार केले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावाला दोषी ठरवले. पुढे बारभाईंनी त्याला पेशवाईवरून दूर केले, तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि १७८३ साली कोपरगावी वारला. खाडिलकरांनी या माणसाला शूर पण दोलायमान मनाचा, महत्त्वाकांक्षी आनंदीबाईच्या ओढीने घसरत जाणारा असा रंगवला. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'ची आठवण अभ्यासकांना होते, ती याचमुळे.

कीचक आणि राघोबा, दोघेही अपराधी. मग राघोबाच आपल्याला अस्वस्थ का करतो? ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात याचे उत्तर मांडून ठेवले आहे. पूर्णपणे दुष्ट माणसाचा नाश झाला तर ना करुणा वाटते, ना भीती. करुणा वाटायची तर तो माणूस मधला हवा, म्हणजे आपल्यासारखा, आणि त्याचे पतन एखाद्या घोडचुकीतून व्हायला हवे. हे निरीक्षण दोन हजारांहून अधिक वर्षे टिकले आहे. आधुनिक प्रयोगांमुळे त्यामागची यंत्रणा थोडी अधिक उलगडता येते. आमच्या मते तिचे तीन भाग आहेत.

पहिला भाग : परिस्थिती दिसणे

१९६७ साली एडवर्ड जोन्स व व्हिक्टर हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे किंवा विरोधातले निबंध वाचायला दिले. कोणती बाजू मांडायची ते लेखकाला नेमून दिलेले होते, हे वाचकांना स्पष्ट सांगितले, तरीही कॅस्ट्रोंची बाजू मांडणाऱ्याचे स्वतःचे मत काहीसे तसेच असणार, असा वाचकांचा ग्रह झाला. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्यावरच्या परिस्थितीचा दाब कमी लेखतो. स्वतःच्या बाबतीत मात्र आपल्याला परिस्थिती बरोबर दिसते. मुलगा उशिरा आला तर तो आळशी, आपण उशिरा आलो तर एसटी चुकलेली असते!

सपाट खलनायकाची गोष्ट आपल्या या सवयीला खतपाणी घालते. शोकात्म खलनायकाची गोष्ट ही सवय मोडते. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' (पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, पुणे) हे याचे ठळक उदाहरण. इतिहासातील घाशीराम सावळदास हा पेशवाईच्या उत्तरार्धातील पुण्याचा कोतवाल. त्याच्या कोठडीत कोंडलेल्या ब्राह्मणांपैकी अनेकजण गुदमरून मेले आणि १७९१ साली खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ सालीच त्याच्यावर पुस्तक लिहिले होते. तेंडुलकरांनी त्याच्यामागे एक कार्यकारणाची साखळी उभी केली. पोट भरायला आलेल्या परक्या माणसावर चोरीचा आळ येतो, त्याला मारहाण व अपमान सोसावा लागतो, त्यातून सूड उगवतो, सुडासाठी तो पोटच्या मुलीला सत्तेच्या हवाली करतो आणि शेवटी मुलगीही जाते. ज्यांनी त्याला घडवले आणि वापरले, ते मोकळे सुटतात. प्रेक्षकाला घाशीरामाचे कृत्य क्रूरच वाटते. परंतु 'हा जन्मतःच दुष्ट' असे म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. रंगमंचावर उभी राहणारी माणसांची भिंत त्याच्या नजरेसमोर असते आणि त्या भिंतीत आपणही एक आहोत की काय, अशी शंका येते.

दुसरा भाग : फाटा दिसणे

डॅनिएल काहनमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ साली एक साधा प्रश्न मांडला. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळाकडे निघाले. दोघांची विमाने वेगळी, पण सुटण्याची वेळ एकच. वाहतुकीत अडकल्यामुळे दोघेही अर्धा तास उशिरा पोचले. पहिल्याचे विमान वेळेवर गेले होते. दुसऱ्याचे विमान रखडून पाचच मिनिटांपूर्वी सुटले होते. अधिक हळहळ कोणाला वाटेल? ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचे नाव घेतले. वास्तविक दोघांचे नुकसान अगदी सारखे आहे. परंतु 'जरा लवकर निघालो असतो तर' ही कल्पना दुसऱ्याला सहज करता येते. जे घडले नाही पण घडू शकले असते, त्याचे चित्र जितके सोपे, तितकी हळहळ मोठी.

आता 'ध चा मा' आठवा. नारायणरावाला 'धरावे' असा हुकूम होता आणि आनंदीबाईने 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केले, ही हकीकत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिचे स्वरूप दंतकथेचे आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून ती वर्गात मांडू नये. पण ती अडीचशे वर्षे का टिकली, याचे कारण विमानाच्या उदाहरणात सापडते. गारद्यांचा पगार, दरबारातील गट, घराण्यातील जुने वैर ही कारणे खरी असली, तरी ती पसरट आहेत. 'ती नसती तर' असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. एक अक्षर मात्र मनातल्या मनात पुसून पुन्हा लिहिता येते. लोककथेने सगळी शोकांतिका एका अक्षरावर आणून ठेवली आणि पाच मिनिटांनी विमान चुकलेल्या प्रवाशासारखी आपली अवस्था करून टाकली.

शोकात्म खलनायकाच्या प्रत्येक चांगल्या कथेत असा एक फाटा असतो, जेथून दुसरी वाट फुटत होती. खलनायक मुळातच दुसरीकडे जाऊ शकत नसेल, तर ती शोकांतिका राहत नाही. तो केवळ अपघात ठरतो.

तिसरा भाग : त्याला स्वतःला कळणे

भासाच्या नावावर असलेल्या संस्कृत नाटकांच्या हस्तलिखितांचा शोध टी. गणपतिशास्त्री यांना विसाव्या शतकाच्या आरंभी केरळात लागला. त्यातील 'ऊरुभंग' या एकांकी नाटकात गदायुद्धानंतर मांड्या मोडून पडलेला दुर्योधन आपल्याला भेटतो. आंधळे आईबाप... म्हणजे बाप आंधळा आणि आई डोळ्यांवर पट्टी बांधलेली, त्याला शोधत रणांगणावर येतात. लहानगा मुलगा दुर्जय नेहमीप्रमाणे मांडीवर बसायला धावतो आणि दुर्योधनाला त्याला मांडी देता येत नाही. ज्या मांडीवर हात मारून त्याने भर सभेत द्रौपदीचा अपमान केला, तीच ही मांडी. सूडासाठी धडपडणाऱ्या अश्वत्थाम्यालाही हा मरणोन्मुख दुर्योधन आवरू पाहतो.

येथे युक्तिवाद कोणीच करत नाही. अपराध आणि शिक्षा एकाच अवयवाच्या ठिकाणी येऊन मिळतात आणि दुर्योधनाला ते उमगते. कीचकाला शेवटपर्यंत काहीच उमगत नाही. हाच दोघांतला मोठा फरक. परिस्थिती दिसली की आपण समजून घेतो, फाटा दिसला की हळहळतो, आणि खलनायकाला स्वतःचे कृत्य कळले की त्याला माणसांत परत घेतो.

याखेरीज आणखी एक कारण आहे. रेबेका क्राऊस व डेरेक रकर या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काल्पनिक पात्रांवर आधारलेल्या एका संकेतस्थळाच्या दोन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची माहिती तपासली. लोकांना स्वतःशी साम्य असलेले खलनायक अधिक आवडतात असे आढळले. खऱ्या आयुष्यात दुष्ट माणसाशी आपले साम्य दिसले तर आपण त्याच्यापासून दूर पळतो, कारण स्वतःच्या प्रतिमेला धक्का बसतो. कथेचे कुंपण मध्ये असले की तो धोका राहत नाही. आपल्यातला मत्सर, अपमानाची सल, 'माझ्यावरच अन्याय' ही भावना आपण कुंपणापलीकडे सुरक्षितपणे पाहू शकतो.

गुंजण मावळातून दिसणारे दोन देशमुख

आता रंगमंचावरून खाली उतरून वेल्ह्याकडे जाऊ. राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे गाव आहे. गडावर जाणाऱ्या अनेकांची वाट येथूनच सुरू होते. हा सारा प्रदेश म्हणजे जुने गुंजण मावळ. शेजारीच भोरचे खोरे, म्हणजे रोहिड खोरे. १६५९ साली विजापूरचा सरदार अफझलखान चालून आला, तेव्हा मावळातील देशमुखांना खानाकडे हजर होण्याचे आदिलशाही हुकूम सुटले. कान्होजी जेध्यांना आलेल्या फर्मानाची तारीख १६ जून १६५९ आहे. कान्होजी आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांपाशी आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. त्याच खोऱ्यातील उत्रोळीचे देशमुख खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान मारला गेला. खंडोजी लपत फिरले आणि शेवटी अभय मागत आले. गुंजण मावळचे देशमुख हैबतराव शिळीमकर हे खंडोजींचे जावई. त्यांनी कान्होजींमार्फत रदबदली केली, असे सांगितले जाते. जीव वाचला, पण महाराजांनी खंडोजींचा एक हात व एक पाय तोडवला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात प्रयोगाची मांडणी दिसेल. काळ तोच, खोरे तेच, हुद्दा तोच, दाबही तोच. दोन माणसे आणि दोन निर्णय. कान्होजींमुळे आपल्याला खात्रीने म्हणता येते की दुसरी वाट होती. खंडोजींमुळे कळते की ती वाट सोपी नव्हती. बलाढ्य सैन्य दारात आलेले, पिढीजात वतन पणाला लागलेले आणि जिंकणार कोण हे कोणालाच ठाऊक नाही. शेवट आपल्याला माहीत आहे, म्हणून आपल्याला खंडोजींचा निर्णय उघड मूर्खपणाचा वाटतो. त्या वर्षीच्या पावसाळ्यात शेवट कोणालाच माहीत नव्हता.

परिस्थिती आहे, फाटा आहे, जावयाने सासऱ्यासाठी घातलेली गळ आहे, जन्मभर डोळ्यांपुढे राहणारी शिक्षाही आहे. शोकांतिकेची सारी सामग्री येथे जमली आहे. तरी गोष्टीत खंडोजी बहुधा दोन ओळींत संपतात आणि फितुरीसाठी वापरायचे एक नाव एवढेच मागे उरते. हायडर-सिमेलच्या मोठ्या त्रिकोणासारखे.

समजणे आणि माफ करणे

येथे एक शंका येईल. खलनायकाची बाजू समजावून दिली, तर मुलांना गैर कृत्यही बरोबर वाटू लागणार नाही का? शंका निराधार नाही. डॅनिएल बॅटसन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची मुलाखत विद्यार्थ्यांना ऐकवली. काहींना त्या कैद्याला काय वाटत असेल याची कल्पना करत ऐकायला सांगितले होते. एक-दोन आठवड्यांनी, वेगळेच निमित्त काढून दूरध्वनीवरून विचारले असता, याच गटाची खुनी कैद्यांविषयीची वृत्ती अधिक मवाळ आढळली. म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरण्याचा परिणाम खराच होतो आणि टिकतो. म्हणूनच तो कशासाठी वापरायचा, हे शिक्षकाने ठरवायला हवे.

आम्हाला वाटते, दोन प्रश्न वेगळे ठेवले की गोंधळ टळतो. 'असे का घडले?' हा कारणाचा प्रश्न, 'ते योग्य होते का?' हा मूल्याचा. कारण कळले म्हणून मूल्य बदलत नाही. हिवताप डासांमुळे पसरतो हे कळल्याने कोणी हिवतापाच्या बाजूचा होत नाही, उलट तो आटोक्यात आणणे जमते. कारण न शोधता केवळ 'दुष्ट' अशी चिठ्ठी चिकटवणे हे रोगाला भूतबाधा म्हणण्यासारखे आहे. तसेच तिसरी एक रेषा आखली पाहिजे, ती नाटक आणि इतिहास यांच्यामधली. 'घाशीराम'मधील नाना फडणविसांच्या चित्रणावरून मोठा वाद झाला, मूळ संस्थेने काही प्रयोगांनंतर नाटक थांबवले आणि पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. नाटकातल्या नानावरून इतिहासातल्या नानाचा निवाडा करता येत नाही आणि इतिहासातल्या नानावरून नाटकाचाही.

वर्गात एक छोटी कृती करता येईल. पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण व एक वर्तुळ कापा आणि टेबलावर मिनिटभर न बोलता हलवून दाखवा. मुलांना गोष्ट लिहायला सांगा. बहुतेकांचा खलनायक ठरून जाईल. मग तीच गोष्ट मोठ्या त्रिकोणाच्या बाजूने लिहायला सांगा, मात्र अट एकच: एकही हालचाल बदलायची नाही. शेवटी विचारा, त्याला दुसरी वाट होती का? कोणत्या क्षणी? यानंतर राघोबा, घाशीराम किंवा दुर्योधन घेतला तर चर्चा वेगळ्या पातळीवर होते.

भोर-वेल्ह्याच्या शाळांत या चर्चेला आणखी एक अर्थ आहे. जेधे, शिळीमकर, खोपडे ही त्या मुलुखातील खरी घराणी आहेत. १६५९ ची गोष्ट वर्गात रंगते, तेव्हा त्यातले एखादे आडनाव हजेरीपटावरही असू शकते. 'फितूर' हा शब्द फळ्यावर लिहिताना मागच्या बाकावर कोणाची मान खाली जाते, हे गुरुजींनी पाहायला हवे. निर्णय माणसाचा असतो. तो रक्तातून उतरत नाही आणि आडनावातूनही नाही. तीनशे साठ वर्षांपूर्वीच्या एका देशमुखाची गोष्ट पूर्ण सांगितली, त्याच्यापुढचा दाब, त्याची चूक आणि त्याची शिक्षा यांसकट सांगितली, तर ती एका माणसाची गोष्ट राहते. अर्धीच सांगितली, तर तिचे ओझे आजच्या मुलाच्या दप्तरात जाऊन पडते.